खडू धरणारा रंग

कोन, भिवंडी
१८ जानेवारी २०२५

नूरचाचा,

लांबूनच पाया पडतो. जवळ आलो तर तुम्ही कान पिळाल, आणि हे पत्र वाचून तुम्हाला तेच करावंसं वाटणार हाय.

पहिली खबर. तुमच्या बाकड्याला मी हिरवा रंग मारला.

थांबा, पत्र फाडू नका. तुम्ही नि सईदाचाची श्रीवर्धनला लेकीकडे, हफसाताईकडे राहायला गेले त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून नारपोलीच्या शेडमधला आपला कोपरा मी एकटा सांभाळतोय. धोटे घासतो, लूमच्या फुटलेल्या काठ्या जोडतो, तुम्ही पाच वर्षं शिकवलं तेच. पण आपला सागाचा बाकडा चाळीस वर्षं मशीनचं तेल प्यायलाय. त्याच्यावर कोणी कापडाचा ताका टेकवला की ताक्याच्या पोटावर काळा शिक्का. तीन आठवड्यांमागं व्यापाऱ्याच्या माणसानं तीन ताके परत पाठवले. दौलतशेठ आले, बाकड्यावर बोट फिरवलं, ते बोट माझ्या शर्टाला पुसलं आणि बोलले, "महिना-दीड महिन्यात ह्याला नीट रंग लाव. न्हायतर भंगारात घालतो नि लोखंडी टेबल आणतो."

लोखंडी टेबल! धोट्याचं टोक एकदा लोखंडावर आपटलं की मग तो सूत घेऊन लूममध्ये सरळ पळतो का बाहेर उडतो, हे शेठला कोण सांगणार? म्हणून मी घाईत ऑइल पेंटचा डबा आणला, गडद हिरवा, दोन हात मारले. तिसऱ्या दिवशी चिकट. आठव्या दिवशी पण चिकट. माश्या येऊन बसायच्या त्या तिथंच मुक्काम करायच्या. अकराव्या दिवशी शेठचा पोरगा सार्थक आला, क्रीम कलरची नवी पँट घालून. आता मी त्याला "बस ना" असं काय बोललो नाय. फक्त त्याच्यासाठी जागा फडक्यानं पुसून दिली. बसला. उठला तेव्हा पाठीमागून रेल्वे गार्डाचा हिरवा झेंडा दिसत होता.

असो. आता खरं विचारतो. बाकड्याला कुठला रंग टिकेल? तेल आत जायला नको, हातोडी पडली तर टवका उडायला नको, चहा सांडला तर पुसून निघायला पायजे. आणि मेन म्हणजे त्याच्यावर खडू धरला पायजे. आपण लिहायचो तसा. लूमच्या धडधडीत तुम्हाला काय ऐकू यायचं नाय, मग मी बाकड्यावर खडूनं लिहायचो, 'चहा आला', 'शेठ आला, डोळे उघडा'. चकचकीत रंगावर खडू घसरतो. मी दुकानात नमुन्याच्या फळीवर लिहून बघितलं. दुकानदारानं हाकलला.

फोन तुम्हाला ऐकू येणार नाय, हफसाताईचा मोबाईल तिच्यासोबत शाळेत शिकवायला जातो, म्हणून पोस्टमनला कामाला लावलाय. तुम्ही पण लावा.

तुमचा
भाविक

ता.क. शेडमध्ये नवीन गेम काढलाय. शेठ मागून हाक मारतात, मी वळतच नाय. पाच-पाच हाका. मग शेठ लाल होऊन समोर येतात नि मी बोलतो, "अरे शेठ, कधी आलात?" ओसामा तर लूम बंद करून हसतो. सगळे बोलतात, नूरमिस्त्रीचा चेला डिट्टो नूरमिस्त्री झाला.


श्रीवर्धन
२५ जानेवारी २०२५

भाविक,

तुझं पत्र सईदाला वाचून दाखवलं. झेंड्यापर्यंत ती पदर तोंडाला लावून हसत होती.

तेलकट लाकडावर रंग बसत नाही. तेल त्याच्या पोटात आहे आणि तू वरून सदरा घातलास. आधी तो हिरवा सगळा पत्रीनं खरवडून काढ. मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून काथ्यानं घास. घातलेल्या पाण्याचा चहा झाला पाहिजे, इतका. मग बाकडा उन्हात ठेव. ऊन लागलं की आतलं तेल घामासारखं वर येतं. ते थिनरच्या फडक्यानं पुसायचं, परत ऊन, परत पुसायचं. घाई करू नकोस. चार दिवस लागले तर चार, दहा लागले तर दहा. त्यानंतर रंधा अगदी हलका फिरव.

झालं की नाही ते कसं ओळखायचं? पाण्याचा एक थेंब टाक. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर तेल अजून आत आहे. पसरून जिरला तर लाकूड तयार. तोपर्यंत कुठल्याही रंगाचं नाव काढू नकोस. दुकानदार मेलामाईन पॉलिश गळ्यात मारेल, घेऊ नकोस. ते कपाटाच्या दाराला बरं. हातोडीखाली ते टिकत नाही.

बाकी तुझ्या ता.क.बद्दल. ते मी सईदाला वाचून दाखवलं नाही.

तू सगळ्यांच्या नकला करायचास. शेठच्या चालीची, ओसामाच्या शिंकेची. माझी कधी केली नाहीस. मला वाटायचं, ह्या पोराला तेवढी समज आहे. मी असताना माझ्या पाठीमागे हा खेळ चालत होता की मी गेल्यावर सुरू झाला, एवढंच कळव. पाठीमागचं मला कळत नाही हे तुला माहीत आहे.

नूर मोहम्मद


कोन
२ फेब्रुवारी २०२५

चाचा,

तुम्ही 'दुआ' न लिहिता पत्र सुरू केलंत. तीनदा उलटून बघितलं, पाठीमागं कुठं लिहिलीय का. नाय.

आईशप्पथ, तुमची नक्कल कधी केली नाय. तुमच्या पाठी पण नाय. तो गेम तुमच्यावर नव्हता. तो गेम... जाऊ दे ना. बंद केला गेम. आता बाकड्याचं ऐका.

तुम्ही बोललात तसंच केलं. हिरवा खरवडला. सोड्याचं पाणी पहिल्या वेळेला चहा नाय, डांबर झालं. मग चौघांनी उचलून बाकडा शेडच्या बाहेर उन्हात काढला. शेठ बोलले, "ह्याची वरात काढतोस काय?" मी बोललो, हळद लावतोय, लग्न पुढच्या महिन्यात. रोज दुपारी तेल वर येतं, मी पुसतो. पाच दिवसांत अकरा फडकी काळी झाली. पाण्याचा थेंब अजून पैलवानासारखा छाती काढून उभा राहतो. पण डाव्या कोपऱ्यात काल जिरला!

खाली काय सुंदर लाकूड निघतंय चाचा. मधासारखं. तुम्ही चाळीस वर्षं ह्याच्यावर डबा खाल्लात, पण तुम्ही पण बघितलं नसेल.

आणि एक गंमत. गुरुवारी सहा नंबरच्या लूमचा धोटा उडाला. सरळ माझ्या डोक्याच्या बाजूनं जाऊन भिंतीत. एवढा खड्डा पडला प्लास्टरला. ओसामा म्हणे "हट! हट!" करून दोनदा ओरडला होता. मी आपला उभा. काठी घासतोय. धोटा गेल्यावर मान वर केली नि बोललो, "कौन आया था?" सगळ्या शेडनं टाळ्या वाजवल्या. ओसामा बोलला, "भाई, तेरे को मौत भी बुलाएगी तो तू मजाक करेगा." तेव्हापासून माझी इज्जत लय वाढलीय.

आता रंग सांगा. दुकानदार बोलतो पीयू मार, दोन डब्यांचा असतो, मिसळून लावायचा, दगडासारखा होतो. पण तो चमकतो. मग मी विचारलं, शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा? तो खडू छान धरतो पण बोलला तेलानं आठ दिवसांत भुसा होईल. मग पीयूमध्ये बिनचमकीचा येतो का? त्याच्यावर खडू धरेल का? खडूचं तेवढं नक्की बघून सांगा. बाकी टिकला, नाय टिकला, परत मारू. खडू धरला पायजे.

दुआ लिहा ह्या वेळेला. चाचीला सलाम.

भाविक


श्रीवर्धन
८ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव भाविकला खूप खूप दुआ. मागच्या वेळची पण ह्यात धरून घे.

पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर नारळ सोलत होतो. वाचलं, खाली ठेवलं. मग उठून पहिलं पत्र आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून परत वाचली. सईदानं खुणेनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, रंगाचं विचारतोय.

पोरा, तू मांजर आडवं गेलं तरी उडी मारतोस. पाच वर्षं बघितलंय. उडालेला धोटा डोक्याजवळून जातो आणि तू उभा राहतोस, हे धाडस तुझ्यात नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, शहाण्या माणसात ते नसतंच. ओसामाचा आवाज शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जायचा. माझ्यासारख्याला पण छातीत कळायचा. तो दोनदा ओरडला आणि तू हलला नाहीस.

आणि खडू. चार-चारदा खडू. त्या शेडमध्ये खडू एकाच माणसाला लागत होता. तो माणूस इथं नारळ सोलतोय. मग तिथं आता बाकड्यावर लिहिलेलं कोणाला वाचायचं आहे?

मी तुझ्यावर रागावलो ह्याची मला शरम वाटते. तू माझी नक्कल करत नव्हतास.

मला पण तिशीच्या आतच सुरू झालं होतं. चार वर्षं लपवलं. मी हसून वेळ मारायचो, समोरच्याच्या ओठांकडे बघायचो, नाही कळलं तर मान डोलवायचो. घरी काय झालं ते सांगतो, आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सईदा मला मागून हाक मारायची, जेवायला या, अमुक आणा. मी वळायचो नाही. तिला वाटलं, नवरा घमेंडी झाला. मग तिनं हाक मारायचंच सोडलं. कधी सोडलं ते मला माहीत नाही, बाबा. ऐकूच येत नव्हतं ना. फार वर्षांनी लक्षात आलं की ती काही सांगायचं असलं तर उठून समोर येते, नाहीतर गप्प बसते. पुष्कळदा गप्पच बसली असेल.

बिनचमकीचा पीयू येतो. त्यावर खडू कसा धरवायचा तेही मला माहीत आहे. पण आता सांगणार नाही. आधी तू सांग.

नूरचाचा


कोन
१४ फेब्रुवारी २०२५

चाचा,

तुम्ही लय डेंजर माणूस हाय.

हे पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये नुसते जोक होते. ते जोक पण मला आवडले नाय.

डावा कान गेल्या दिवाळीपासून. आधी शिट्टी वाजायची, शेडमधून घरी आलो तरी. मला वाटलं जेवल्यावर बंद होईल, झोपल्यावर होईल. आता बंद होत नाय. मोबाईल वाजत नाय म्हणून दोनदा रिपेअरला दिला. दुसऱ्या वेळेला दुकानवाल्यानं माझ्यासमोर वाजवून दाखवला. त्याच्या गिऱ्हाइकानं पण मान वळवली. मी एकटाच विचारतोय, "वाजवा ना." मग मी बोललो, "मस्करी केली," नि निघालो. कुकरची शिट्टी जाते. बहिणीचं, ऋतिकाचं, तर अर्धं जातं, ती लहानपणापासून बारीक बोलते. जाड आवाज येतात. शेठ समोरून बोलले की येतात. मागून बोलले की नाय.

तो गेम असा सुरू झाला. एकदा खरंच ऐकू आलं नाय, शेठ चिडून समोर आले, सगळे बघायला लागले, आणि माझ्या तोंडातून जोक निघाला. सगळे हसले. मग सोपं झालं. आता रोज जेव्हा ऐकू येत नाय तेव्हा मी गेम खेळतोय असं सगळ्यांना वाटतं.

आणि खरी गंमत ऐका. परवा तुमचं पत्र वाचून मी हिंमत केली, ओसामाला चहाच्या टपरीवर बोललो, "यार, मुझे सच में कम सुनाई देता है." तो इतका हसला की चहा नाकातून आला. बोलला, "अबे, अब क्या नया है ये?" मी परत बोललो. त्यानं चार जणांना बोलवून मला परत बोलायला लावलं. चाचा, मी जन्मभर एवढ्या लोकांना उल्लू बनवलं की आता खरं बोलायला माझ्याकडे तोंडच उरलं नाय.

भीती कशाची ते पण लिहितो. शेठला खरं कळलं तर मला शेडमधून काढतील. बहिऱ्या माणसाच्या बाजूनं धोटे उडतात, कोण जबाबदारी घेईल? तुम्ही होतात तेव्हा तुमचं नाव होतं, हातात चाळीस वर्षं होती. माझ्याकडे काय हाय? दहावी नापास. बाबा बोलतील, बरं झालं, चल पडघ्याला काकाच्या गोडाऊनला. गेटवर खुर्ची टाकून बसायचं, ट्रकचे नंबर लिहायचे. मी धोट्याला बोट लावलं की तो कुठं भरला, कुठं खचला ते मला कळतं. हे एकच मला येतं. बाकड्यावर खडू धरला असता तर मी ओसामाला बोललो असतो, बोलायचं सोड, लिही. स्टाईल मारली असती, नूरमिस्त्रीची परंपरा. कोणाला कळलं नसतं. अजून वर्ष, दोन वर्षं तरी निघाली असती.

सांगितलं. आता रंग सांगा.

भाविक

थेंब आता सगळीकडे जिरतो.


श्रीवर्धन
२१ फेब्रुवारी २०२५

भाविक बाळा, दुआ.

तू सांगितलंस. आता मला पण सांगावं लागेल. रंगाचं शेवटी.

तुझा शेडमधला पहिला दिवस आठवतो? तू अठराचा होतास. तुझ्या आईनं तुझ्या दोन्ही कानांत कापूस घालून पाठवलं होतं. आपल्या शेडमध्ये एक रीत होती, तुझ्या आधीपासूनची. नवा पोरगा कापूस घालून आला की जुन्या मिस्त्रीनं तो सगळ्यांसमोर काढायचा आणि लूमवर ठेवायचा. लोक म्हणायचे, "आता लूमची बोली शिक." माझा माझ्या मिस्त्रीनं काढला होता. मी तुझा काढला. तू हसलास, मी हसलो. त्या दिवसापासून तू कधी कापूस घातला नाहीस, कारण कापूस घालणारा कच्चा समजला जातो.

मी तेव्हा पूर्ण बहिरा होतो, भाविक. कापूस नसला की काय होतं ते माझ्याइतकं त्या शेडमध्ये कोणाला माहीत नव्हतं. तरी मी काढला. आजवर माझ्या हातून अकरा पोरांचा काढला गेला. चार दिवस बसून नावं आठवली. नऊ आठवली, ती मागच्या पानावर लिहिलीत.

हे वाचून तुला माझा राग आला तर तो बरोबर आहे. मी उत्तराची वाट बघेन, नाही आलं तरी बघेन.

आता काय करायचं ते ऐक. लपून निघालेली वर्षं फुकट नसतात, त्या वर्षांत उरलेलं पण जातं. माझं तसंच गेलं. तू अजून ऋतिकाचं अर्धं ऐकतोस. ते अर्धं वाचव. ऋतिकाला घेऊन कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे जा, एकटा जाऊ नकोस, तू डॉक्टरला पण हसवून परत येशील. कागद घेऊन शेठकडे जा. सोबत माझी चिठ्ठी जोडलीय ती दे. त्यात लिहिलंय की धोटे दुरुस्त करायला लूमच्या शेजारी उभं राहावं लागत नाही. चाळीस वर्षं मी तिथं उभा राहिलो कारण बाकडा तिथं होता. एवढंच कारण. बाकडा उचलून दुसरीकडे नेता येतो हे मला सुचलं नाही, तुला चौघांनी उचलून उन्हात नेताना दिसलंय. तुझ्या कोनच्या घराला पडवी आहे. खराब धोटे पिशवीत भरून तिथं येऊ देत, चांगले होऊन परत जाऊ देत.

आणि ह्यामुळे रंग बदलला, बरं का. शेडमध्ये असता तर मी नुसता बिनचमकीचा पीयू सांगितला असता. पडवीत ऊन तिरकं येईल, ओल येईल. तर बाहेरच्या लाकडाला चालणारा पीयू माग, बिनचमकीचा. आधी लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, वाळल्यावर हलका घास. मग तीन पातळ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये एक दिवस. डब्यावर लिहिलंय त्याच मापानं दोन्ही मिसळ, अंदाजानं नाही, आणि लागेल तेवढंच कालव, तासा-दोन तासांत ते घट्ट होतं. तोंडाला फडकं बांध, मोकळ्यावर कर. खालची बाजू आणि पायाचे तळ विसरू नकोस, ओल तिथून चढते. मग आठ दिवस त्यावर काही ठेवू नकोस. हाताला कोरडा लागतो, आतून नसतो.

खडूसाठी मागची एक वीतभर पट्टी सोड. तिथं शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरनं खरखरीत करून फळ्याचा काळा रंग मार. तेल-हातोडी पुढे, लिहिणं मागे. एकाच जागी दोन्ही मागितलंस म्हणून रंग सापडत नव्हता.

शेवटचं. रंग वाळण्याआधी आईला सांग. डॉक्टर, शेठ, सगळ्यांच्या आधी सांगितलंस तर उत्तम. ओसामानं विश्वास नाही ठेवला, आई ठेवेल. आयांना उल्लू बनवता येतं, पण त्या बनून सुद्धा आतून जागत्या असतात.

तुझा
नूरचाचा


कोन
१२ मार्च २०२५

चाचा, रोजे चालू असतील, तब्येत सांभाळा. नारळ दुपारी सोलू नका.

राग आला होता. लपवत नाय. दोन दिवस तुमचं पत्र पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवलं. मग मनात आलं, तुम्हाला अकरातली नऊ नावं आठवली. माझ्या कानाचं नाव काढून कोणी चार दिवस बसलं असेल, असं दुसरं कोणी हाय का? डबा उघडला. उरलेली दोन नावं मी शोधली. एक पडघ्याचा नामा, आता टेम्पो चालवतो. त्याचं ऐकू येणं ठीक हाय, मी मागं उभा राहून त्याला शिवी दिली, लगेच वळला. दुसरा गावाला गेला म्हणतात.

ऋतिकासोबत कल्याणला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला लावलं, आवाज आला की बटण दाबा. मी विचार केला, न येता पण दाबावं का? सवय हो. पण काचेतून ऋतिका बघत होती. तिला दिसत होतं कधी आवाज सोडला नि कधी मी नाय दाबला. ती हळूहळू रडायला लागली. मग मी खरं-खरं दाबलं. बारीक आवाज गेलेत, डावा जास्त, उजवा कमी. गेलं ते येत नाय. धडधडीपासून लांब राहिलो तर उरलंय ते राहील. डाव्याला मशीन लागेल, त्याची तारीख दिलीय.

शेठकडे कागद आणि तुमची चिठ्ठी घेऊन गेलो. शेठ बोलले, "वा! ह्या वेळेला रिपोर्ट पण छापून आणलास?" जोक आला होता तोंडात, गिळला. तुमची चिठ्ठी वाचली त्यांनी. मग उठले, माझ्या मागं जाऊन उभे राहिले. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. बराच वेळ. समोर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. बोलले, "बाकडा घेऊन जा. धोटे पाठवतो." मागं उभं राहून ते काय बोलले मला आजपण माहीत नाय. ओसामा दारात होता, त्यानं ऐकलं. सांगत नाय. त्यानं मला मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला फेसाचे कानातले बोळे आणून वाटले. कोण हसला तर बोलतो, "नूरमिस्त्री का हुकुम है." तुमचं नाव न विचारता वापरलंय, माफ करा.

बाकडा टेम्पोनं कोनला आणला. नामानंच आणला. पडवीत ठेवला. तुम्ही लिहिलं तसंच सगळं केलं, माप मोजून, फडकं बांधून. पहिला हात लावला नि लाकूड असं उजळलं, शेजारचे केसरीनाथकाका कुंपणावरून वाकून बोलले, "डायनिंग टेबल का?" आठ दिवस पहारा केला. आज नववा. चहा सांडून बघितला, पुसला गेला. तेल टाकलं, थेंब वरच उभा. ह्या वेळेला उभाच पायजे होता ना! हातोडी मारून बघितली, हळू. मग जोरात. एक बारीक खूण पडली. टवका नाय. मागच्या काळ्या पट्टीवर खडू मस्त चालतो. ऋतिका तिथं माझ्या नावानं काय-काय लिहून जाते, ते पत्रात लिहिण्यासारखं नाय.

आता आईचं. तुम्ही सांगितलं होतं सगळ्यांच्या आधी. मला जमलं नाय, सगळ्यांच्या नंतर सांगितलं. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो नि बोललो. तिनं सूप खाली ठेवलं. मग बोलली, "दिवाळीपासना हाका मारतंय मी. मना वाटला, पोऱ्या मोठा झाला, आता आयशीचा ऐकाचा नाय त्याला." एवढंच. सूप घेऊन आत गेली. मला वाटलं रडायला गेली. गेलीच होती.

पण चाचा, दुसऱ्या दिवशीपासून तिनं नवीन पद्धत काढलीय. हाक मारतच नाय. जिथं असेन तिथं येते, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवते आणि मग, सावकाश, एक-एक शब्द वेगळा करून, ओठ नीट उघडून शिव्या घालते. दिवाळीपासूनच्या राहिलेल्या आहेत म्हणे. एक पण चुकत नाय.

तुमचा
भाविक